साडेबावीस फुटांची शेकोटी

परभणीची थंडी ज्याने सोसलेली नाही, त्याला ती सांगून पटत नाही. समुद्र लांब, हवा कोरडी आणि डिसेंबरातले आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखे लख्ख. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब वर आकाशाला देऊन मोकळी होते आणि खाली आम्ही स्वेटरवर शाल व शालीवर चादर घेऊन बसतो. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या आवारात तर पारा गावापेक्षाही खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी तो आकडा वर्तमानपत्रात आला, की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आम्हा मंडळींची छाती, कुडकुडत का होईना, थोडी फुगते.

या थंडीवर उपाय म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी यंदा फायर बाउल पाठवला. फायर बाउल म्हणजे तीन पायांवर उभी असलेली, अडीच फूट व्यासाची बिडाची कढई. (हे बीड म्हणजे ओतीव लोखंड; आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा त्यात काही दोष नाही.) खोक्यातून ती बाहेर काढायला मी, सौभाग्यवती आणि रस्त्याने जाणारा एक अनोळखी सज्जन असे तिघे लागलो. आईने ओसरीवरूनच विचारले, “एवढ्या कढईत कोणाच्या लग्नाचं तळण काढायलास रं?”

कढईसोबत एक पुस्तिका होती. आमच्या सात पिढ्यांनी पुस्तिकेवाचून शेकोट्या पेटवल्या, पण मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले असल्यामुळे छापील सूचनेपुढे माझी मान आपोआप झुकते. भिंत, झाड, छप्पर यांपासून बाउल चारही बाजूंनी किमान १० फूट लांब ठेवावा, असे पहिल्याच पानावर लिहिले होते. मी टेप काढली, दुसरे टोक सौभाग्यवतींच्या हाती दिले आणि अंगण मोजले. घराच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत ते बरोबर २० फूट भरले. अलीकडे १०, पलीकडे १० आणि मध्ये कढईचे अडीच, म्हणजे साडेबावीस फूट. एकतर आमचे घर अडीच फूट मागे सरकवायला हवे होते किंवा शेजारच्या निवृत्त तलाठी अण्णांची भिंत. अण्णा हे सगळे भिंतीवरून ऐकत होते. ते म्हणाले, “सर, मोजणी करायची तर रीतसर अर्ज करा. अशी टेप लावून हद्द सरकत नसती.”

शेवटी कढई बरोबर मधोमध ठेवायची आणि दोन्हीकडच्या सव्वाफुटी तुटीकडे कानाडोळा करायचा, असा तह झाला. त्या मधोमधच्या जागेवर कपडे वाळत घालायची दोरी होती. ती हलवण्याच्या वाटाघाटी दोन दिवस चालल्या; त्यांचा तपशील घरगुती असल्याने देत नाही.

पहिल्या रात्रीच्या सरपणासाठी मेहुण्याने गावाकडून बाभळीची लाकडे पाठवली होती. ती इतकी ताजी होती की एका फांदीवर हिरवा पाला होता. जळण वर्षभर वाळलेले असावे, त्यात ओलावा २० टक्क्यांहून कमी असावा, हे पुस्तिकेच्या सहाव्या पानावर होते आणि मी पाचव्या पानापर्यंतच पोहोचलो होतो. पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. त्यामुळे त्या रात्री आमच्या आगीने आम्हाला शेकण्याऐवजी मेहुण्याची लाकडे वाळवण्याचे काम केले. धूर मात्र भरपूर निघाला. तो उडवण्यासाठी मी पऱ्हाटीची पेंढी टाकली, तेव्हा कापसाच्या त्या वाळक्या काड्यांनी पुरुषभर उंच जाळ केला, तलाठी अण्णांनी भिंतीपलीकडे “अगं, बादली आण!” अशी हाक दिली आणि दोन मिनिटांत सगळे पुन्हा धुरात बुडाले.

धुराचा स्वभाव मी याच काळात जवळून अभ्यासला. आग सगळीकडून हवा ओढत असते. ज्या बाजूला माणूस बसतो त्या बाजूची हवा अडते आणि धूर नेमका त्याच्याकडे कलतो. म्हणजे आपण डोळे चोळत दुसरीकडे बसलो, तरी तो आपल्याला शोधत येतो, यात त्याचा आकस नाही. हे मी सर्वांना समजावून सांगेपर्यंत सर्वांच्या त्या कढईला तीन प्रदक्षिणा झाल्या होत्या. उबेचा हिशेबही विचित्र होता. कढई खोल, त्यामुळे आच तिच्या काठावरून निघे ती थेट तोंडावर येई; गुडघ्यांखालचा भाग काठाच्या आडोशाला राहून बर्फ होई. पाठीचा तर प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, “हुर्ड्याची आगटी खड्ड्यात का असती, कळलं का आता? विस्तव पायाशी पाहिजे, अशी पंगतीतल्या पाटासारखी उंचावर मांडायची नसती.”

एवढ्यात पायांखाली बंदुकीसारखा ‘फट्’ आवाज झाला. सौभाग्यवती रोज अंगण धुतात. ते पाणी शहाबादी फरशीत मुरते आणि फरशी तापली की आतल्या वाफेने तिचा टवका उडतो. कढईखाली विटा आणि वाळू घालावी, हे सातव्या पानावर होते.

मात्र खरा प्रसंग रात्री अकरानंतर ओढवला. सगळे झोपायला गेले. विस्तव जिवंत असताना बाउल सोडून जाऊ नये, अशी सूचना होती. तापलेल्या बिडावर पाणी ओतले तर ते तडकते, म्हणून पाणी ओतू नये, अशीही होती. आता धगधगणाऱ्या दहा किलो निखाऱ्यांपाशी, पाणी न ओतता, ते आपण होऊन विझेपर्यंत बसून राहणे एवढाच मार्ग उरला. थंडी घालवण्यासाठी आलेल्या वस्तूमुळे मी त्या हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र, दीड वाजेपर्यंत, उघड्यावर काढली. निखारे काळवंडले की मला आशा वाटे आणि वाऱ्याची झुळूक आली की ते पुन्हा लाल होत.

दीड वाजता आई उठून आली. तिने बंबाखालची टोपलीभर राख आणून निखाऱ्यांवर नीट पसरली आणि म्हणाली, “जा, झोप.” मी निश्चिंत झोपलो. राखेखाली विस्तव विझत नाही, उलट सकाळपर्यंत टिकतो, आणि आईने तो सकाळी बंब पेटवायला राखून ठेवला होता, हे मला पहाटे पाच वाजता कळले. फाटक कसे उघडले गेले कुणास ठाऊक; दूधवाला, पेपरवाला पोऱ्या आणि स्वतः तलाठी अण्णा राख उकरून कढईभोवती उकिडवे बसले होते. मला पाहून कुणी उठले नाही. दूधवाल्याने हात शेकत शेकत तेवढे सांगितले, “सर, उद्या एखादं जाड लाकूड टाकत जा. पाचला विस्तव कमी पडायलाय.”