‘ऑनलाइन पाठवू नका, हुंडी करा’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘ज्यांची मुलं परदेशात शिकतात त्यांनी नीट वाचा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात म्हटलं आहे की ऑनलाइन पैसे पाठवले की सरकार २० टक्के कापतं आणि ते परत मिळत नाहीत. शाखेत जाऊन पाठवले तर कपात होत नाही. ॲपवरून पाठवलेले पैसे मधेच अडकतात. तरीही ॲपच वापरायचं असेल तर ‘झिरो फी’वालं घ्या, ते फुकट असतं. एकदा पैसे परदेशात गेले की इन्कम टॅक्सची नोटीस ठरलेली. शेवटी सल्ला दिला आहे की या भानगडीत पडण्यापेक्षा हुंडी करा, म्हणजे इथे रोख द्या, तिकडे मुलाच्या हातात डॉलर पडतील. खाली एक मोबाइल नंबर.

मी लातुरात कर सल्लागाराचं काम करतो. नीटमध्ये थोडक्या मार्कांनी सरकारी जागा हुकली, म्हणून मुलाला जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान किंवा फिलिपिन्सला डॉक्टर व्हायला पाठवलेले आईवडील माझ्याकडे येतात. जर्मनीला इंजिनिअरिंगसाठी गेलेल्यांचेही येतात. यातले बरेच जण जमीन विकून किंवा गहाण ठेवून पैसे उभे करतात. हा मेसेज त्यांच्या भीतीवर चालतो, म्हणून त्यातला एकही मुद्दा मला तसाच सोडायचा नाही.

सगळ्यात जास्त घबराट आहे ती २० टक्क्यांची. २०२३ च्या अर्थसंकल्पात परदेशी पाठवलेल्या पैशांवर २० टक्के टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच कापल्या जाणाऱ्या कराची, घोषणा झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू झाला, एवढंच यातलं खरं. पण तो शिक्षणाच्या पैशांना कधीच लागू नव्हता. आणि पहिल्या रुपयापासूनही नव्हता. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत काहीच कापलं जात नाही. त्यापुढच्या रकमेवर, आणि फक्त त्यापुढच्याच, २०२५-२६ मध्ये शिक्षण आणि उपचारांसाठी ५ टक्के दर होता. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात तो २ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. म्हणजे ५ टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला १४ लाख पाठवणाऱ्या बापाचे ४ लाखांवर २० हजार कापले जातात. मेसेजमधल्या हिशेबाने तो आकडा २ लाख ८० हजार होतो. हा फरक पाहिल्यावर माणूस रोखीच्या वाटेला का लागतो, हे समजतं.

हे पैसे बुडतही नाहीत. टीसीएस म्हणजे तुमच्या आयकराचा आगाऊ भरणा. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर पोर्टलवर दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेले गुरुजी असतील तर १ ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक सोय आहे: कापलेला टीसीएस पगार काढणाऱ्या कार्यालयाला कळवला की पगारातून कापला जाणारा कर (टीडीएस) तेवढ्याने कमी होतो, परताव्याची वाट पाहावी लागत नाही. अडचण होते ती शेतकऱ्याची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नसतं. कर लागू नसला तरी कापलेली रक्कम रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. ‘परत मिळत नाही’ ही अफवा बहुधा इथूनच उठली असावी. वर्षात २५ हजारांच्या वर टीडीएस-टीसीएस झाला असेल तर रिटर्न भरणं तसंही बंधनकारक आहे. रिटर्न भरा, बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा, पैसे खात्यात येतात.

याच मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण इथे पालकांचे खरोखर पैसे वाचू शकतात.

पैसे पाठवताना पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जात आहेत ते सांगणारा कोड, निवडावा लागतो. मुलाच्या फीसाठी, होस्टेलसाठी आणि राहण्या-खाण्यासाठी एस ०३०५ हा शिक्षणाचा कोड आहे. पुष्कळ जण खर्चाचे पैसे ‘कुटुंबाचा निर्वाह’ म्हणून एस १३०१ खाली पाठवतात, आणि १० लाखांच्या पुढे गेले की तिथे २० टक्के कापले जातात. शिक्षणासाठीच्या रोजच्या खर्चाचा आणि जाण्या-येण्याच्या तिकिटाचाही शिक्षणात समावेश होतो, हे प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. दुसरं, १० लाखांची मर्यादा माणसागणिक आहे. वडिलांची वेगळी, आईची वेगळी, पण पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून आणि पॅनवर जायला हवेत. तिसरं, ही मर्यादा १ एप्रिलला नव्याने सुरू होते. विद्यापीठाने फीची मुदत एप्रिलपर्यंत दिली असेल तर सगळी रक्कम मार्चमध्ये पाठवण्याची घाई कशाला?

आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस अजिबात नाही, रक्कम कितीही असो. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज पटकन मिळतं म्हणून तेच काढलं जातं. ते या सवलतीत बसत नाही. सावकाराचं तर नाहीच. जमीन गहाण ठेवायचीच असेल तर आधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. व्याजाचा फरक वेगळाच.

‘शाखेतून पाठवलं तर कपात नाही’ हे साफ खोटं. शाखा, नेट बँकिंग, ॲप, तिन्हींना नियम एकच. तिन्हीकडचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली, म्हणजे एलआरएसखाली जातात. ही योजना २००४ मध्ये वर्षाला २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली आणि २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. सगळीकडे पॅन लागतो आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरावा लागतो, फक्त ॲपवर तो पडद्यावर भरला जातो.

आता झिरो फी. या मुद्द्यावर मला मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जाहिराती करणाऱ्यांचा जास्त राग येतो. परदेशी पैसे पाठवण्याचा मोठा खर्च फीमध्ये नसतोच, तो दरात असतो. समजा १० हजार डॉलर पाठवायचे आहेत. एक सेवा फी घेत नाही, पण बाजारातल्या दरापेक्षा डॉलरमागे २ रुपये जास्त लावते. दुसरी १ हजार रुपये फी घेते आणि दरात ५० पैसे लावते. फुकटवाली तुम्हाला २० हजारांना पडली, फीवाली ६ हजारांना. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागलं नसतं. निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कलदार रुपया इथे शेजारी शेजारी चालले, ७ हालीला ६ कलदार असा भाव होता आणि हाली रुपया १९५९ पर्यंत पूर्ण बाद झालेला नव्हता. त्या काळचा माणूस अडत्याकडून पैसे घेताना आधी भाव विचारायचा. आज त्यांची नातवंडं फी किती ते विचारतात, भाव विचारत नाहीत.

म्हणून एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि तिकडे नक्की किती डॉलर पोचतील?’ दोन-तीन ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच तासात. रक्कम मोठी असेल तर शाखेत छापील दरापेक्षा चांगला दर मागता येतो आणि बऱ्याचदा मिळतो. चलन बदलावरचा जीएसटी सगळीकडे सारखाच. ५ लाखांवर तो ५४० रुपये होतो, त्याची धास्ती नको. मधल्या बँकेचे चार्जेस मात्र विचारून घ्या. ते पाठवणाऱ्याने भरायचे असा पर्याय निवडला नाही, तर विद्यापीठाच्या खात्यात काही डॉलर कमी पोचतात आणि फी अपुरी म्हणून मुलाचं रजिस्ट्रेशन अडतं.

पैसे अडकतात का? कधी कधी अडकतात, ॲपवरचेही आणि शाखेतलेही. कारणं साधी असतात. खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळत नाही. जर्मनीचा २२ अक्षरी आयबॅन (खात्याचा क्रमांक) किंवा अमेरिकेचा ९ अंकी राउटिंग नंबर (बँकेचा क्रमांक) चुकतो. विद्यार्थ्याचा आयडी लिहायचा राहतो. मधे शनिवार-रविवार येतो. असं झालं तर बँकेकडे स्विफ्टची प्रत मागा, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने पुढच्या बँकेला धाडलेल्या संदेशाची प्रत. पैसे कोणत्या बँकेपर्यंत पोचले याचा माग त्यावरून काढता येतो.

खरी भीती बनावट ॲपची आहे, आणि नेमकं तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. बाहेर पैसे पाठवण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या अधिकृत संस्थांनाच आहे. त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते, आणि खरं ॲप आपल्या मागची बँक कोणती ते सांगतं. पॅन न मागणारं किंवा एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर पैसे टाकायला सांगणारं ॲप लगेच काढून टाका. आखातातून पैसे येतात ती दुकानातली मनी ट्रान्सफर सेवाही इथे कामाची नाही. त्या योजनेत पैसे फक्त भारतात येऊ शकतात, बाहेर जाऊ शकत नाहीत.

नोटिशीबद्दल थोडक्यात. पैसे गेल्याची माहिती आयकर खात्याला मिळते, हे खरं. पण पैसे कुठून आले याचा कागद तुमच्याकडे असेल तर घाबरायचं कशाला? सोयाबीन विकल्याची आडतीची हिशेबपट्टी, सातबारा, जमीन विक्रीचं खरेदीखत, कर्जाचं मंजुरीपत्र हे सगळं एका फाइलीत ठेवा. कोणी विचारलं तर ती फाइल पुढे ठेवायची.

राहिला मेसेजचा शेवटचा सल्ला. बाकीचं सगळं त्याच्यासाठीच लिहिलेलं आहे. इथे रुपये द्यायचे आणि त्याबदल्यात तिकडे कुणीतरी डॉलर द्यायचे, हा हवाला आहे. परकीय चलनाच्या व्यवहारांसाठी असलेल्या फेमा कायदा १९९९ च्या कलम ३ ने तो बंद केला आहे आणि कलम १३ प्रमाणे गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. दंडाची गोष्ट बाजूला ठेवा, आधी मुलाचा विचार करा. १९-२० वर्षांचं पोर परक्या देशात एकटं आहे. त्याच्या खात्यात अनोळखी माणसाकडून पैसे येतात. ते कुठून आले, कुणाला फसवून आले, हे त्याला माहीत नाही. तिथल्या बँकेने विचारलं तर तो काय सांगणार? खातं गोठलं की मेसचे पैसेसुद्धा निघत नाहीत. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवणारे विद्यार्थी असतात. ते पैसे कुठून आले याचा पुरावा हुंडीवाला देणार आहे का? त्याचा दर कोणत्या कागदावर लिहिलेला असतो? आणि रोख दिल्यावर तिकडे कोणी आलंच नाही, तर लातूरच्या पोलीस ठाण्यात कोणती पावती दाखवायची?

बँकेने किंवा तिच्या मार्फत चालणाऱ्या सेवेने चूक केली तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. मेसेजमधल्या नंबरवर कोणी आधीच पैसे टाकले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त.