उगाच हिंडणाऱ्या बायका

"अर्धं तिकीट झाल्यापासून बायका उगाच हिंडायला लागल्यात." आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर परवा पुन्हा हे वाक्य आलं, तेही एका बाईकडूनच. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, आणि तेव्हापासून गर्दी, तोटा, फुकटची सवय असा हा वाद चालूच आहे. मी सध्या मेलबर्नला लेकीकडे आले आहे आणि रोज उगाच हिंडते आहे. म्हणून यावर बोलायचंय.

लेक-जावई कामावर गेले की मी लोकल पकडून शहरात येते. शहराच्या मध्यभागात 2015 पासून ट्राम सगळ्यांनाच मोफत आहे. चढायचं, हवं तिथे उतरायचं. काल आधी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला गेले. 1878 पासूनचा बाजार. कोथिंबिरीच्या जुड्या मुळांसकट मांडलेल्या होत्या. घ्यायचं काहीच नव्हतं, तरी चार गाळे फिरले. तिथून स्टेट लायब्ररी. 1913 साली बांधलेला तिचा घुमट, खाली अष्टकोनी वाचनकक्ष, मधून चाकाच्या आऱ्यांसारखी निघालेली टेबलं. सभासदत्व विचारलं नाही, काय काम आहे तेही विचारलं नाही. तासभर बसले. बाहेर मोठाल्या सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट होता. सत्तरीच्या पुढची एक बाई पर्स खांद्याला अडकवून दोन्ही हातांनी वजीर उचलून पुढे सरकवत होती. समोर कॉलेजातला मुलगा. त्याचा हत्ती गेला तेव्हा ती मोठ्यानं हसली. तिला घरी जायची घाई दिसत नव्हती. मग प्रिन्सेस ब्रिज चालत ओलांडून यारा नदीच्या काठी बसले आणि संध्याकाळी घरी.

या दिवसात 'काम' म्हणावं असं काही नव्हतं, आणि तो फार चांगला दिवस होता.

माझ्या सासूबाई गावाहून साताऱ्याला जायच्या त्या दवाखान्यासाठी, लग्नासाठी नाहीतर मयतीला. चौथं कारण मला आठवत नाही. तालुक्याच्या बाजारालासुद्धा मामंजी जायचे. पारावर संध्याकाळभर बसलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही की बाबा, इथे का बसलास. स्टँडवर उभ्या असलेल्या बाईला मात्र चार जण विचारतात, "कुठं निघालीस? एकटीच?" त्यात भाड्याचे पैसे नवऱ्याकडे मागायचे, म्हणजे कारणही त्यालाच पटवून द्यायचं. निम्म्या तिकिटानं ती अडचण थोडी सैल झाली. लेकीकडे, बहिणीकडे, देवाला, नाहीतर नुसतंच तालुक्याला जाता येऊ लागलं. याला उगाच हिंडणं म्हणायचं असेल तर ते आम्हाला पिढ्यान् पिढ्या मिळालेलं नव्हतं, एवढं तरी लक्षात घ्या.

इथली तुलना तशीच्या तशी लावता येत नाही, हे मला कळतं. मोफत पट्टा छोटा आहे, देश श्रीमंत आहे. पट्ट्याबाहेर कार्ड लावलं नाही तर तिकीट तपासनीस चांगला दंड करतात. आपली एसटी 1948 साली पुणे-नगर मार्गावर सुरू झाली आणि आज ती डोंगरातल्या वाडीपर्यंत जाते. तिचा पसारा आणि तिची ओढाताण वेगळी आहे. पोराला कडेवर घेऊन तासभर उभं राहावं लागलेल्या बाईची गर्दीची तक्रारही खरीच आहे.

पण गर्दी झाली कारण माणसांना जायचंय आणि गाड्या कमी आहेत. सवलतीची भरपाई सरकारनं महामंडळाला द्यायची असते. ती वेळेवर दिली का, नव्या गाड्या किती आल्या, बंद पडलेल्या फेऱ्या पुन्हा कधी सुरू होणार, हे कुणी विचारत नाही. राग निघतो तो खिडकीपाशी बसलेल्या बाईवर, कारण ती समोर दिसते. सवलत काढून घेतली तर गर्दी कमी होईल, हो. कमी होतील त्या ज्यांच्याकडे पूर्ण भाडं नाही त्याच.

ग्रुपवर मी हे लिहिलंय आणि खाली एक विनंती केलीय. संध्याकाळी साडेपाचनंतर आपल्या गावाकडे एकच गाडी आहे. दुसरी मागायला आगारप्रमुखांकडे अर्ज करूया. मसुदा मी इथून लिहून पाठवते, सह्या तिथल्या बायकांनी गोळा कराव्यात.