डॉक्टर विचार कसा करतात, ते विद्यार्थ्यांना ऐकू द्या

वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला की आपण नीट, फी, सीटा आणि बॉण्ड यांवर तासन्‌तास बोलतो. एमबीबीएसच्या मुलामुलींना निदान करायला नेमकं कोण शिकवतं, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. रोग शिकवले जातात, औषधं शिकवली जातात, तपासण्या शिकवल्या जातात. समोर बसलेल्या माणसाच्या तक्रारीपासून रोगाच्या नावापर्यंत कसं पोहोचायचं, ते त्यांनी आमच्या मागे मागे फिरून आपोआप उचलावं अशी अपेक्षा असते. मी सोलापुरात फिजिशियन आहे, विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवते. हे आपोआप होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवणाऱ्याने राउंडवर मोठ्याने विचार केला पाहिजे, आणि तोसुद्धा उत्तर अजून हाती आलेलं नसताना, मुलांच्या देखत.

पाठ्यपुस्तकात वर रोगाचं नाव असतं आणि खाली लक्षणं. पेशंट उलट्या दिशेने येतो, आणि त्याच्या लक्षणांवर मथळा नसतो. तिसऱ्या वर्षापासून मुलं पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या, क्लासला आणि प्रश्नसंचांना लागतात. नीट-पीजीत दोनशे प्रश्न, एकेका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. त्यातल्या केसमध्ये वय, मधुमेह, ताप किती दिवसांचा, रिपोर्ट काय, सगळं आधीच निवडून मांडलेलं असतं. पण कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवणं हाच तर निदानातला सगळ्यात अवघड भाग. तो प्रश्न काढणाऱ्याने करून दिलेला असतो. मुलं हुशार आहेत, मेहनती आहेत. त्यांचा सराव दुसऱ्याच गोष्टीचा होतोय.

सोलापुरात तर ही निवड आणखी कठीण. आपल्या ओपीडीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी चारही भाषा एका सकाळी ऐकू येतात. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, इंडी-विजापूरकडून आलेल्या बायका येतात. सासू तीन मिनिटं कन्नडमध्ये सांगते आणि सून मराठीत एका वाक्यात उरकते, "पोट दुखतंय म्हणते." केसपेपरवर तेवढंच उतरतं. दुखणं कधी सुरू झालं, जेवणाआधी की नंतर, झोपेतून उठवतं का, आधी असं कधी झालं होतं का, हे सगळं त्या तीन मिनिटांत होतं. अशा वेळी "त्या अजून काय म्हणाल्या?" असं सुनेला परत विचारायला मी प्रत्येक बॅचला सांगते. ब्रिटनमध्ये १९७५ साली हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीतले ८० नवे पेशंट घेऊन पाहिलं होतं. त्यांपैकी ६६ जणांचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकूनच बरोबर आलं होतं. शारीरिक तपासणीमुळे ७ जणांत आणि लॅबमुळे ७ जणांत ते बदललं. आज स्कॅन आहेत, हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिनची रक्तचाचणी आहे, आकडे थोडे वेगळे येतील. पण कोणता स्कॅन मागवायचा हे अजूनही हकिकतीवरूनच ठरतं.

मोठ्याने विचार करणं म्हणजे काय, ते एका काल्पनिक केसवरून सांगते. पावसाळ्यातली पहाट. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरून पस्तिशीतल्या बाईंना कॅज्युअल्टीत आणलंय. "पोटात लई दुखायलंय, दोनदा उलटी झाली," एवढीच तक्रार. गावात पित्ताचं इंजेक्शन देऊन झालंय आणि चिठ्ठीवर 'अ‍ॅक्यूट गॅस्ट्रायटिस' लिहिलंय. इंटर्न तेच केसपेपरवर उतरवतो, सलाईन चालू होतं.

आता सिनियर डॉक्टर येते आणि डोक्यात जे चाललंय ते बोलून दाखवते. "रात्री जेवून झोपल्या तेव्हा ठणठणीत होत्या. पहाटे दुखण्यानेच जाग आली. पोट दाबतेय तर मऊ आहे. एवढं दुखतंय आणि हाताला काहीच लागत नाही, हे मला जुळत नाहीये. पित्त असेल, स्वादुपिंडाची सूज असेल, हार्टचंही असू शकेल म्हणून ईसीजी काढू या. पण ताई डोळे अर्धे मिटून बोलतायत. झोप आहे, की पापण्याच उचलत नाहीत? ताई, वर बघा बरं. जीभ बाहेर काढा. उशीवरून मान उचला. रात्री झोपला कुठं होता? खाली, जमिनीवर? चला, अंगावर दाताची खूण शोधू. नाही सापडली तरी साप चावलाच नाही असं मी म्हणणार नाही."

मण्यार ही सापाची विषारी जात अशीच असते. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज बहुधा येत नाही, खूण पुष्कळदा दिसतही नाही. आधी पोटदुखी आणि उलटी, मग पापण्या जड, गिळायला त्रास, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल येते, कारण हे विष नसा आणि स्नायू जिथे जोडतात तिथे काम करतं. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी उपयोगी, त्यांचं विष रक्त गोठू देत नाही. वेळेत अँटीव्हेनम मिळालं आणि व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला, तर अशी बाई आपल्या पायांनी घरी जाऊ शकते.

यातलं सगळं पुस्तकात आहे. 'मण्यार चावल्यास कोणती लक्षणं दिसतात' असं विचारलं तर आपली मुलं पान भरून लिहितील. "हे मला जुळत नाहीये" हे वाक्य मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. ते त्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकायला हवं, खाटेशेजारी उभं राहून.

बहुतेक राउंडवर उलटं घडतं. सर किंवा मॅडम येतात, दोन प्रश्न विचारतात, पापणी उचलून बघतात आणि म्हणतात, "क्रेट (मण्यार) आहे, एएसव्ही (अँटीव्हेनम) लावा." मुलं थक्क होतात. सरांना कसं कळलं? मधल्या पायऱ्या सरांच्या डोक्यातच राहतात, आणि मुलं कौतुकाशिवाय काही घेऊन जात नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट यांनी १९१० च्या सुमारास एक पद्धत रूढ केली. नावाजलेल्या डॉक्टरला अनोळखी केस द्यायची, त्याने सगळ्यांसमोर बोलत बोलत निदानापर्यंत जायचं, आणि शेवटी पॅथॉलॉजिस्टने खरं काय होतं ते सांगायचं. त्यात मोठमोठे लोक भर सभेत चुकत आले आहेत आणि त्यांचा मान कमी झालेला नाही. आपल्याकडे शिक्षकाने "मला अजून कळलेलं नाही" म्हटलं की ते कमीपणाचं वाटतं. ही भीती आधी गेली पाहिजे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. बावस्कर खाटेजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय, फुप्फुसात साचणारं पाणी यांचा क्रम त्यांनी लावला, आणि त्यावरून प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. त्यांच्या हाताशी मोठी लॅब नव्हती.

एक सावधगिरीचा मुद्दा. हल्ली कार्यशाळांमधून विचारातल्या चुकांची नावं शिकवतात. पहिल्या अंदाजाला चिकटून राहणं, इतर शक्यतांवर लवकर दार लावून घेणं, नुकत्याच पाहिलेल्या रोगाचा प्रभाव. नावं माहीत असणं चांगलं, पण तेवढ्याने निदान सुधारतं याचा पुरावा तोकडा आहे. एल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की तज्ज्ञ म्हणून नावाजलेले डॉक्टर आणि साधे डॉक्टर दोघेही पहिल्या काही मिनिटांतच अंदाज बांधतात. पद्धत दोघांची सारखीच, फरक पडतो ज्ञानाचा, आणि एका आजारातला तरबेज माणूस दुसऱ्या आजारात तरबेज असेलच असं नाही. म्हणून तर्काचं वेगळं लेक्चर ठेवून भागणार नाही. पोटदुखीचा तर्क पोटदुखीच्या पेशंटजवळच शिकवावा लागेल, धापेचा धापेच्या.

परीक्षेबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. प्रॅक्टिकलला ठेवलेल्या केसचं निदान मुलांना बऱ्याचदा आत जाण्याआधीच समजलेलं असतं, मग ती त्या निदानाला साजेशी हकिकत लिहितात. म्हणजे ज्या कौशल्याची परीक्षा घ्यायची, त्याच्या नेमकं उलट कौशल्य आपण पक्कं करतो. २०१९ च्या बॅचपासून आलेल्या सीबीएमई या कौशल्यांवर आधारलेल्या अभ्यासक्रमाचा हेतू चांगला आहे, पण लॉगबुकवर सही झाली म्हणजे विचार तपासला गेला असं होत नाही. परीक्षकाने "दुसरी शक्यता कोणती होती आणि ती का सोडलीस?" एवढं विचारून त्याला मार्क ठेवले, तर तयारीची दिशा एका वर्षात बदलेल.

वेळ नाही, असं सहकारी म्हणतात, आणि ते खरं आहे. ओपीडीची रांग जिन्यापर्यंत असते. म्हणून मी रोज एकच पेशंट म्हणते. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत अशाच घाईसाठी आहे. आधी विद्यार्थ्याकडून अंदाज वदवून घ्यायचा, मग कशावरून ते विचारायचं, त्या केसमधून पुढे उपयोगी पडेल असा एक मुद्दा शिकवायचा, बरोबर काय केलं ते सांगायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं. पाच मिनिटांत होतं.

आणि निकाल परत कळला पाहिजे. इंटर्न रात्री पेशंट भरती करतो, सकाळी त्याची ड्यूटी संपते, पुढे काय झालं ते त्याला कळत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या गावच्या डॉक्टरांना तर कधीच कळत नाही. "तुमच्या पेशंटला मण्यार चावली होती" असा फोन त्यांना गेला नाही, तर त्यांच्या लेखी ते पित्तच राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यातही ते पित्ताचंच इंजेक्शन देतील. त्या फोनमध्ये दोषाचा सूर नको, फक्त माहिती द्यायची.

यासाठी वॉर्डात एक साधी वही पुरते. पहिल्या रात्री इंटर्नने काय निदान लिहिलं, कशावरून लिहिलं, डिस्चार्जच्या वेळी काय ठरलं, आणि चिठ्ठी पाठवणाऱ्याला फोन झाला का, असे चार रकाने. सोलापुरात किंवा पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडे कुणी असं काही आधीच करत असेल तर मला जरूर कळवा, मला येऊन बघायचं आहे. कुणाला नव्याने सुरू करायचं असेल तर रकान्यांचा नमुना मेसेंजरवर मागा, मी पाठवते.