व्हर्जन ११, एरर मात्र १३चा

तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण ती निम्मी खरी आहे. उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या २२.०४वरून २४.०४ आवृत्तीवर गेल्यावर तुम्ही माझ्या लेखाप्रमाणे अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने (एका प्रोग्रॅमची कुठली व्हर्जन वापरायची ते ठरवणारी कमांड) जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, १३वरून ११वर आणलात. टर्मिनलवर ११ दिसलं, तरी बिल्डमध्ये एरर १३चाच. 'असले अर्धवट उपाय सांगण्यापेक्षा नवा कंपायलर काढून टाका म्हणायचं होतं,' असा तुमचा सूर.

अर्धवट होता, कबूल. मी फक्त जीसीसी बदलायला सांगितलं. जी++ (त्याचाच सी++साठीचा जोडीदार) त्याला स्लेव्ह म्हणून, म्हणजे जीसीसीबरोबर आपोआप बदलेल असं, जोडायचं राहून गेलं. म्हणजे तुमच्याकडे सीच्या फाइली ११ कंपाइल करतोय आणि सी++च्या १३. जी++ची व्हर्जन विचारून बघा. त्याहून मोठी चूक म्हणजे उबुंटूत जीसीसी नावाची ती लिंक (खऱ्या कंपायलरकडे नेणारा शॉर्टकट) पॅकेजच्या मालकीची असते. पुढच्या अपडेटला ती मुकाट्याने पुन्हा १३कडे वळू शकते. हे मी लिहायलाच हवं होतं.

पण १३ काढायचा? अजिबात नको. बिल्ड-इसेन्शिअल (कंपाइल करायला लागणाऱ्या साधनांचं पॅकेज) त्याच्यावरच उभं आहे, ॲप्ट (पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) तेही उचलायला निघेल. 'वाय' दाबण्याआधी ती यादी वाचा म्हणजे कळेल.

मी हल्ली सिस्टिमच्या कंपायलरला हातच लावत नाही. जीसीसी-११ आणि जी++-११ ही पॅकेजेस १३च्या शेजारी सुखाने नांदतात. जुना बिल्ड फोल्डर उडवायचा, सीसी आणि सीएक्सएक्स या (सी आणि सी++चा कंपायलर सांगणाऱ्या) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ही दोन नावं द्यायची आणि मग सीमेक, म्हणजे बिल्डची मांडणी करणारं साधन, चालवायचं. फोल्डर उडवायचा कंटाळा करू नका. सीमेक पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर धरून बसतं, नंतर व्हेरिएबल बदललं तरी ढुंकून बघत नाही.

आता तुम्ही चिकटवलेला एरर. 'यूइंट३२_टी' (३२ बिटांच्या पूर्णांकाचा प्रकार) ओळखता येत नाही, एवढीच त्याची तक्रार आहे. जीसीसी १३मध्ये काही स्टँडर्ड हेडर्सनी (कोडमध्ये इन्क्लुड करायच्या तयार फाइलींनी) आतून दुसरी हेडर्स ओढून आणणं बंद केलं. तुमचा कोड इतकी वर्षं त्या उसनवारीवर चालला होता. त्या फाइलच्या वर 'सीएसटीडीइंट' हे हेडर इन्क्लुड करा. एररखालच्या नोटमध्ये कंपायलरने स्वतःच ते सुचवलंय, पण नोट वाचतो कोण! (मीही वाचत नव्हतो.)

एवढ्यावर बिल्ड झालं तर ११ची गरजच नाही. कुडा ११.८ (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर कोड चालवायची साधनं) वापरत असाल तर मात्र लागेल. त्याचा स्वतःचा कंपायलर एनव्हीसीसी ११च्या पुढचा जीसीसी दारातही उभा करत नाही. मूळ लेखात दुरुस्ती आज रात्री टाकतो.