मुद्दाम

मोठी पोस्ट आहे. सवड असेल तर वाचा, नसेल तर सोडा, मला वाईट वाटणार नाही. हे खरंच म्हणतेय. माझ्या बोलण्यामागे दुसरं काही दडलेलं नसतं, आणि गेली 46 वर्षं नेमकं हेच लोकांना पटत नाही.

भाच्यापासून सुरू करते. चार वर्षांचा झाला तरी हाक मारली की वळून बघायचा नाही, म्हणून त्याला तपासायला न्यायचं ठरलं. वहिनी चंदगडकडची, तिला कन्नड येत नाही. दादाला रजा मिळाली नाही. मग दुभाषी म्हणून मी गेले, आणि घरात एकटी बसून काय करू म्हणून आई.

ऑटिझमचा दाखला देताना आपल्याकडे एक भारतीय मोजपट्टी वापरतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली आली तर ऑटिझम नाही, 153 च्या वर गेली तर तीव्र. डॉक्टरबाई कन्नडमधून विचारायच्या, मी मराठीत वहिनीला सांगायची, वहिनीचं उत्तर परत कन्नडमधून द्यायची. सुरुवातीचे काही प्रश्न नीट गेले. मग आलं, निर्जीव वस्तूचा फार लळा आहे काय? वहिनी आठवत होती तेवढ्यात मागून आई म्हणाली, "ही कांडी घेऊन झोपायची की."

बेळगावच्या वडगावात आमचे चार माग होते. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती, बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत गुंडाळलेली. "मामानं बाहुली आणली तर हिनं ती मागाखाली टाकली. कांडी काढून घेतली की रात्रभर रडायची."

पुढचा प्रश्न, रोजच्यात बदल झाला की त्रास होतो काय? "ताट बदललं तर जेवायची नाही ही." आवाजाचं? "कुकरची शिट्टी झाली की माडीवर पळायची. अजून पळती."

"आई, ते त्याच्याबद्दल विचारतायत."

"त्याचं वहिनी सांगतीया की. ही पण असंच करायची, एवढंच म्हटलो मी."

डॉक्टरबाईंना मराठी समजत होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. माझंही भाषांतर तिथेच थांबलं. पुढचा प्रश्न दोनदा विचारावा लागला.

त्यानंतर दोन वर्षं मी काहीच केलं नाही. वाचत होते फक्त. अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमबद्दल ज्या 11 मुलांवर लिहिलं त्यांत 8 मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चौघांची सविस्तर वर्णनं दिली, ते चारही मुलगेच. सुरुवातीलाच चित्र मुलग्याचं काढलं गेलं, त्यात मी कुठे सापडणार? आणि मुलगी गप्प बसली, मान खाली घालून राहिली, सांगितलेलं जसंच्या तसं केलं, तर आमच्याकडे तिला वळण आहे म्हणतात. तपासायला कोण नेतंय! 2013 च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत एक वाक्य मिळालं, ते मी डायरीत उतरवून घेतलं. लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, खरं माणूस शिकलेल्या क्लृप्त्यांनी ती मोठेपणी झाकू शकतो, असा त्याचा अर्थ. (आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.)

क्लृप्त्या तर माझ्याकडे वहीभर होत्या. अक्षरशः वही. हळदीकुंकवाला जायच्या आधी मी वाक्यं पाठ करून जायची. 'साडी छान आहे, कुठून घेतलीत?' 'यंदा पाऊस जास्तच झाला.' 'नको हो, आत्ताच चहा घेऊन आले.' समोरची हसली की तीन मोजून हसायचं. डोळ्यांत बघायचं नाही, कुंकवाकडे बघायचं, तिला डोळ्यांत बघितल्यासारखंच वाटतं. अत्तर मनगटाला लावलं की पुढचे दोन तास डोक्यात घण पडतात, तरी हात पुढे करायचा. घरी येऊन अंधार करून झोपायचं, आणि मग आईचं सुरू, "चार बायकांत जाऊन आलीस तर एवढं काय होतंय? मुद्दाम करतीस."

मुद्दाम. माझं दुसरं नावच ते.

यातलं एक मुद्दाम मला अजून गिळता आलेलं नाही. 2003 साली निपाणीकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. आम्ही घर बघायला गेलो. मुलाच्या आईनं सगळं घर फिरवून दाखवलं, चहा झाला, आणि मला विचारलं, "मग, कसं वाटलं आमचं घर?" मी सांगितलं, न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही आणि माजघरातल्या भिंतीला ओल आहे. तिला मदत करतोय असंच मला वाटत होतं. कडी आठ-दहा रुपयांना मिळायची.

परतीच्या बसमध्ये अप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुद्दाम मोडलंस."

अप्पा 2011 ला गेले. तोवर त्यांची तीच समजूत होती, आणि मलाही दुसरं काही सांगता येत नव्हतं. मुद्दाम नाही तर मग का, याचं उत्तर माझ्याकडेच नव्हतं. आता वाटतं, अप्पाही माझ्यातलेच असणार. लग्नाला गेले तर मांडवात शिरायचे नाहीत, बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभे राहायचे. चार माग एकदम चालू असताना कुठल्याचा ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला ते पाठमोरे असून आवाजावरून सांगायचे. गेलेल्या माणसाचं निदान करू नये हे कळतं मला. तरी चपलांपाशी उभे असलेले अप्पा आठवले की वाटतं, त्या दिवशी बसमध्ये आम्ही दोघंही एकाच कारणानं गप्प होतो.

गेल्या वर्षी शेवटी धारवाडला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले. पहिल्या दिवशी दाराशीच त्या म्हणाल्या, "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा, आणि मी बसले. तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा कित्तूरपर्यंत बसमध्ये रडले, का ते माहीत नाही. एका खेपेला आई आली, माझ्या लहानपणाचं सांगायला. बोलणं निम्मं कन्नडमधून, निम्मं मराठीतून. तिथे माझ्या तोंडून सहज एक गोष्ट निघाली, ती मी आधी कधी अशी मांडली नव्हती. मला कन्नड बोलताना बरं वाटतं.

माझं कन्नड काही फार चांगलं नाही. क्रियापदं चुकतात, कुठे आदराचं 'री' लावायचं ते विसरते. खरं चुकले की समोरचा हसून म्हणतो, मराठी आहेत, चालायचंच. पटकन उत्तर नाही दिलं तर म्हणतो, शब्द शोधतायत. मी काहीतरी सरळ तोंडावर बोलले तर म्हणतो, यांना तसं म्हणायचं नसेल. म्हणजे माझ्या चुकीला तिथे आधीपासूनच एक निरुपद्रवी कारण ठरलेलं आहे. तीच मी, तीच चूक मराठीत केली की माजोरी, आगाऊ, घुमी. कारण मराठी तर तुझी आईची भाषा, मग येत कसं नाही? येतंय, खरं करत नाही. मुद्दाम.

सीमाभागात जन्म काढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. दोन माणसांना एकमेकांचं कळलं नाही तर दोघांतला एक मुका किंवा बहिरा असतो असं आपण समजत नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघं दोन-दोन पावलं पुढे येतात, खुणा करतात, आणि वांगी घेऊन माणूस घरी जातो. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश अभ्यासक, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 साली हेच मांडलं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, तर इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं कुठे कळतंय? अडचण दोन्ही बाजूंची आहे. निपाणीच्या त्या बाईंना वाटलं मी खोड काढली. त्यांना खरं तर 'छान आहे' एवढंच ऐकायचं होतं, हे मला कळलं नाही. चुकलं दोघींचं, मोडलं मात्र मी!

आता शब्दाबद्दल. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द पटत नाही, आणि कोणी कितीही प्रेमानं वापरला तरी पटणार नाही. मूळ शब्दातलं ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी काढला होता, तो पुढे आमच्या गळ्यात पडला आणि मराठीनं त्याचं भाषांतर इमानानं केलं. स्वतःत मग्न व्हायला मला सवड कुठे आहे? रविवार पेठेतल्या ज्या दुकानात मी हिशेब लिहिते तिथे ट्यूबलाइट गुणगुणते, मिरचीच्या पोत्यांचा ठसका येतो, हमाल ओरडतात, शेजारच्याच्या मोबाइलवर रील चालू असतात, आणि हे सगळं माझ्या डोक्यात सारख्याच जोरानं येतं. बाकीच्यांच्या डोक्यात बहुतेक एक दारवान असतो, हे आत, ते बाहेर. माझ्याकडे दार सताड उघडं आहे. यात 'स्व' कुठेच नाही. गावाच्या नावावरून, बेळगाव की बेळगावी, आमच्याकडे काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा या शब्दावर मी थोडं भांडले तर समजून घ्या. तूर्त मी स्वतःला ऑटिस्टिकच म्हणते. उसना शब्द आहे, खरं तो माझ्या स्वभावावर शेरा मारत नाही.

अहवाल हातात आल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. पंधरा दिवस वाटलंही. मग तीन महिने नुसता संताप. कोणावर? नेमकं कोणावर तेच सापडत नव्हतं. मी 1984 साली पहिलीत गेले, तेव्हा इथल्या कुठल्या मास्तरांना हा शब्द माहीत असणार? अपंगांच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझमचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्यात 21 झाले, त्यांत ते आलं. तोवर मी 38 वर्षांची झाले होते.

शेवटी मला जे येतं तेच केलं. जुनी खतावणी काढली आणि 'मुद्दाम' खात्यातल्या जेवढ्या आठवतील तेवढ्या नोंदी लिहून काढल्या. शाळेत स्नेहसंमेलनाच्या दिवशी पळून आले ती. काकूंच्या मयताला रडले नाही ती. पहिल्या नोकरीत टेबल बदललं म्हणून तिसऱ्या दिवशी राजीनामा दिला ती. मग एकेक तपासून दुसऱ्या खात्यात फिरवली. महिना लागला. निपाणीची नोंद सगळ्यात शेवटी फिरवली. सगळ्याच नोंदी काही फिरल्या नाहीत. मावशीच्या पैठणीवर 1998 साली चहा सांडला, तो मी मुद्दामच सांडला होता. ते ऑटिझमच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

जवळच्या मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "तसं बघितलं तर सगळेच थोडे थोडे असतात गं." चांगल्या मनानं म्हणाली. पावसात सगळेच थोडे भिजतात, म्हणून ज्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरलंय त्याला असं सांगत नाहीत. दुसरी म्हणाली, "आता या वयात कळून काय उपयोग?" तिला उत्तर सोपं आहे. शिवजयंतीला चित्ररथ बघायचे मी वीस वर्षं सोडून दिले होते, डॉल्बीमुळे. यंदा कानात बोळे आणि वर हेडफोन घालून ओळखीच्यांच्या गच्चीवरून रात्री दोनपर्यंत बघितले. लोक हसले. हसू देत.

दाखला मी अजून काढलेला नाही. काढीन किंवा नाही, ठरलेलं नाही. भाच्याचा काढला. तो आता 'आत्या' म्हणतो, माझ्याकडे न बघता, आणि मीही त्याच्याकडे न बघता 'काय रे' म्हणते, आमचं छान चाललंय.

आईचं सांगायचं राहिलं. अहवाल इंग्रजीत, तिला वाचता येत नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं काय?" एके काळी मोठे मोठे डॉक्टर खरोखर असं म्हणत होते, की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं होतं. कित्येक बायकांनी हा डाग घेऊन आयुष्य काढलं. ते साफ खोटं निघालं. मी तिला म्हटलं, नाही, तुझं काही चुकलं नाही. ती बरं म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. पुढे या विषयावर बोलली नाही.

लहानपणी तिला एक कोडं पडायचं. चार मागांच्या खडखडाटात पोरगी गाढ झोपते आणि एका शिट्टीला किंचाळते, म्हणजे नाटकंच नाहीत काय? धारवाडच्या बाईंनी ते तिच्यासमोरच उलगडलं होतं. मागाचा पुढचा ठोका कधी पडणार ते अंगाला ठाऊक असतं, शिट्टीचं काहीच सांगता येत नाही. आई तेव्हा नुसती मान हलवत होती. कळलं की नाही, कोण जाणे, असं मला वाटलं.

तर हल्ली सकाळी मी आवरत असते तेव्हा स्वयंपाकघरातून हाक येते, "होतीया बघ गं आता." मी कानात बोटं घालून उभी राहते. कुकर काही बोलत नाही. मग परत हाक, "थांब थांब, अजून नाही."