बेंबीतलं एरंडेल आणि क्लिओपात्रा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर निपाणीपासून खानापूरपर्यंत आठ दिवस एकच मेसेज फिरतोय: ‘रोज रात्री बेंबीत तीन थेंब एरंडेल घाला. 72,000 नसांतून ते चेहऱ्यापर्यंत पोचतं, रंग उजळतो, भुवया दाट होतात. क्लिओपात्राचं हेच गुपित. नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य.’ काकांनी खाली हात जोडलेत आणि शहापुरातून दोन बाटल्याही आणल्यात. तेव्हा बोलणं आलं.

बेंबीचं आधी. नाळ कापली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या बंद होतात, आत नुसत्या दोऱ्या उरतात. तिथून चेहऱ्याकडे वाट नाही. तेल बेंबीत राहतं, उरलेलं गादीला लागतं.

रंग ठरतो कातडीतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर. एरंडेलाने तो उजळत नाही, विषय संपला.

इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिचा पुरावा मेसेजवाल्यानेच द्यावा. इजिप्तशी एरंडाचं नातं मात्र खरं आहे, आणि तेही तिच्या दीड हजार वर्षं आधीचं. इ.स.पू. 1550 च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या इजिप्तच्या वैद्यकीय पोथीत एरंडाच्या बियांनी बायकांचे केस वाढतात असं लिहिलंय. तिथेच पोट साफ होण्यासाठीही त्याच बिया सांगितल्यात. तेलाने पोट साफ होतं हे आज पक्कं ठरलंय, केसांचं अजून नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तर इजिप्तचे लोक हे तेल दिव्यात जाळतात आणि त्याला उग्र वास येतो, असं नोंदवलंय.

‘पूर्वजांचं ज्ञान’ म्हणाल तर ते आमच्या घरात होतंच की ओ. कानडी शेजारी ज्याला औडल एण्णे म्हणतात, ते बैलगाडीच्या कण्याला जायचं, दिव्यावर काजळ धरायला जायचं, साठवणीच्या तुरीला चोळायचं. भाताच्या सुगीत टाचा फुटल्या की आज्जी तेच लावून वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. यात जादू नाही. या तेलात 85 ते 90 टक्के रिसिनोलिक आम्ल असतं, म्हणून ते इतकं घट्ट. कातडीवर थर धरतं, आतली ओल उडू देत नाही. लिपस्टिकमध्येही त्याचा घट्टपणा आणि चकाकीच कामी येते. आज्जीने ते कधी तोंडाला लावलेलं मी पाहिलं नाही.

आता ‘अपाय शून्य’. एरंडाच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढताना ते पेंडीत मागे राहतं, म्हणून बाटलीतलं तेल चालतं. पण ‘ताज्या बिया वाटून लेप’ असली पुढची आवृत्ती आली तर ताबडतोब डिलीट करा. तेलाचीही काहींना ॲलर्जी येते, ओठ सोलवटतात. लांब केसांना थापल्यावर ते जटेसारखे गोळा होऊन कापावे लागल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्यात. आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एरंडेल पिऊ नये, हे तर गावातल्या सुईणीही सांगायच्या.

काकींनी खासगीत विचारलंय, दोन बाटल्यांचं आता काय करू? काकी, वर्षाची तूर भरायची राहिलीय ना?