दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर आणि दाजींचा फॉरवर्ड

रविवारी सकाळी दाजींचा फॉरवर्ड आला. खाली त्यांची स्वतःची एक ओळ: "बघा मेहुणे, माझे पाच हजार वाचले." मजकूर बहुतेक तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. "नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर पीसी बंद पडतोय? एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलू नका! दुकानदार कधीच सांगणार नाही असे ६ उपाय." उपाय असे: एक, वॉटची बेरीज करा, भरपूर शिल्लक असतात. दोन, आठ पिनांची वायर नसेल तर हार्डडिस्कच्या वायरीवरून दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर लावा. तीन, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा शून्य करा, क्रॅश कायमचा बंद. चार, विंडोज फॉरमॅट मारा. पाच, स्टॅबिलायझर लावा. आणि सहा, तरीही जमलं नाही तर कार्ड ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजा.

हसून सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी इचलकरंजीहून ताईचा फोन: "अरे, पोराच्या खोलीत जळका वास येतोय आणि तो म्हणतोय काही नाही." काही नाही कसं? त्यानं दुसरा उपाय करून टाकला होता.

म्हणून दुसऱ्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्यांनी फार तर वेळ, डेटा किंवा कार्ड वाया जातं, हा घर पेटवणारा आहे.

भाच्यानं आरटीएक्स ३०६० घेतलं. १७० वॉटचं कार्ड. त्यातले जास्तीत जास्त ७५ वॉट मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात, उरलेले आठ पिनांच्या वायरीतून यायला हवेत. ती वायर १५० वॉटसाठी असते. जुन्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती, म्हणून कन्व्हर्टर. आता तो कन्व्हर्टर जिथं खुपसतात तो साटाचा, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणारा, पॉवर जोड बघा. पंधरा पातळ पत्र्या, त्यातल्या १२ व्होल्टच्या फक्त तीन, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. साडेचार अँपिअर गुणिले १२, म्हणजे ५४ वॉट. हार्डडिस्कला तेवढे चिक्कार होतात. त्यातून शंभर वॉट ओढायचे म्हणजे टेबलफॅनच्या वायरीवर विहिरीची मोटर चालवायची.

कार्डाला हे कळत का नाही? कारण कन्व्हर्टर त्याला खोटं सांगतो. आठपैकी तीन पिना १२ व्होल्टच्या, तीन ग्राउंडच्या आणि दोन नुसत्या खुणेच्या असतात. त्या दोन ग्राउंडला जोडलेल्या दिसल्या की कार्ड समजतं, मागं १५० वॉटची सोय आहे. कन्व्हर्टरवाला त्या जोडूनच देतो. एसएमपीएसही मध्ये पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं शंभर वॉट म्हणजे नेहमीचा भार, शॉर्ट नाही. मग तापतो तो फक्त मधला जोड.

शनिवारी जाऊन कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या बाजूचा आठ पिनी जोड कोरा करकरीत. दुसऱ्या टोकाला साटाचा काळा जोड एका कडेनं तपकिरी पडलेला, प्लॅस्टिक मऊ होऊन लाटेसारखं वाकलेलं, आणि दोन्ही भाग एकमेकांत विरघळून बसलेले. हातानं निघेना. पकडीनं ओढला तर अर्धं कवच आतच राहिलं. भाचा म्हणाला, "मामा, पण गेम चालत होती." चालत होती, खरं आहे. जळेपर्यंत सगळंच चालतं.

एक कबूल करतो, नाइलाजानं. पूर्वी काही कार्डांच्या खोक्यातच दोन मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या चार पिनी जोडांवरून) सहा पिनी करणारा जोड यायचा, त्यामुळे "कंपनीच देते" हे अगदीच हवेतलं नाही. पण मोलेक्सची पिन जाड, आणि सहा पिनीची मागणी ७५ वॉटची. त्यावरून साटाचं समर्थन होत नाही. दोन साटा लावणारा कन्व्हर्टरही मिळतो. कागदावर १०८ वॉट होतात, पण ते दोन जोड बहुतेक घरांत एकाच वायरीवर लोंबत असतात.

आता पहिला मुद्दा, "एसएमपीएसच्या ४५० वॉटमधून कार्डाचे १७० गेले, २८० शिल्लक". चौथीच्या गणितात बरोबर. एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरातला आकडा वाचायचा नसतो, खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचायचं. भाच्याच्या डब्यावर होते १८. अठरा गुणिले बारा, म्हणजे दोनशे सोळा वॉट. कार्डाचे १७०, वर त्याचा आय-५ १२४००एफ प्रोसेसर, जो भरात आला की ११७ वॉटपर्यंत जातो. झाले २८७. पंखे, हार्डडिस्क अजून धरलेच नाहीत. स्टिकरवरचे ४५० कुठून आले ते छापणाऱ्याला विचारा. शिवाय कार्डाचा भार सरळ रेषेत नसतो, क्षणार्धासाठी उसळतो. इंटेलनं २०२२ साली एटीएक्स ३.० हा एसएमपीएसचा नवा नियमसंच आणला तेव्हा नव्या सोळा पिनी जोडाच्या एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट घातली, ती उगाच नाही. आणि ३०६० साठी ते बनवणारी एनव्हिडियाच ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. ते काही आमच्या गल्लीतलं दुकान नाही.

दुकानदार फसवतात का? काही फसवतात. ५५० पुरत असताना ८५० गळ्यात मारणारे मी पाहिलेत. म्हणून खात्री करून घ्या, आणि ती फुकट होते. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाका, पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, तीच गेम लावा. बंद पडणं थांबलं तर दोष बहुतेक विजेचा. हा इलाज नाही, तपासणी आहे.

सगळ्यात जास्त राग याचा की या सहा मुद्द्यांत एकदाही विचारलेलं नाही, पीसी बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? खट्कन सगळं बंद होतं, की स्क्रीन काळी होते आणि पंखे फिरत राहतात, की निळी स्क्रीन येते? तिन्हींची कारणं वेगळी. विंडोज स्वतः नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम उघडा, कर्नल-पॉवर ४१ शोधा. ४१ दिसला म्हणजे एसएमपीएस गेला, असं मात्र नाही. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. त्याच नोंदीच्या तपशिलात बगचेककोड असतो. तिथं आकडा असेल तर निळ्या स्क्रीनचा माग काढा. शून्य असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पान सांगतं: ओव्हरक्लॉकिंग (भाग ठरल्यापेक्षा जास्त वेगात पळवणं), रॅम, तापमान बघा, आणि नवीन भाग टाकल्यावर वीजपुरवठा कमी तर पडत नाही ना ते तपासा. भाच्याच्या मशीनमध्ये अकरा नोंदी होत्या, सगळ्या शून्याच्या, आणि अकराही कार्ड बसवल्यानंतरच्या. यापुढं कुठल्या फॉरवर्डची गरज होती?

तिसरा मुद्दा याच्याच पोटातला. "टीडीआर लेव्हल शून्य करा." ग्राफिक्स कार्डानं दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याला झटकून पुन्हा उभं करतं, त्या सोयीचं नाव टीडीआर. शून्य केलं की ती राखणच बंद. मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अडकला की अख्खं मशीन अडकून बसतं. क्रॅशचा निरोप दिसत नाही, हे खरं. घंटेची वायर कापली की दारात कोणी येत नाही, तसं. मायक्रोसॉफ्टनं रजिस्ट्रीतल्या त्या नोंदी चाचणीसाठीच असल्याचं स्पष्ट लिहून ठेवलंय.

फॉरमॅट: अर्धं खरं. जुनं कार्ड एएमडीचं आणि नवीन एनव्हिडियाचं असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष त्रास देऊ शकतात. त्यासाठी डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसून काढणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये चालवा, पंधरा मिनिटांत काम होतं. कॉलेजचं प्रोजेक्ट उडवायची गरज नाही.

स्टॅबिलायझर: चांगला एसएमपीएस व्होल्टेजचा चढउतार बऱ्यापैकी स्वतःच सांभाळतो. त्याऐवजी टेबलाखालचा यूपीएस बघा. आपल्याकडं घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉट. नवीन कार्ड, मॉनिटर, स्पीकर सगळं त्यावर, आणि लाइट गेल्यावर गेम बंद पडली की शिव्या कार्डाला.

ओव्हन: नवीन, वॉरंटीतलं कार्ड भाजायचं? जुनी मेलेली कार्डं भाजून काही दिवस उठलेली आहेत, ऐकलंय मीही. पण शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांना वितळतं आणि पंख्यांचं प्लॅस्टिक त्याच्या आधीच मऊ पडतं. पुढं बोलत नाही.

भाच्याला ५५० वॉटचा एसएमपीएस बसवला, आठ पिनांची स्वतःची वायर असलेला. कार्ड काढून पुन्हा स्लॉटमध्ये टक् आवाज येईपर्यंत दाबलं. त्यानंतर एकदा स्क्रीन काळी झाली, पंखे चालूच. नोंद बघितली, ड्रायव्हर. आधीचं कार्ड एएमडीचंच होतं. डीडीयू मारलं. तीन आठवडे झाले, ४१ ची नवीन नोंद नाही.

जळक्या जोडाचा फोटो दाजींना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ "टायपिंग". शेवटी उत्तर आलं: "कन्व्हर्टर लोकल असेल."